फक्त हात दिसतील

वर्तमानपत्राच्या ऑफिसात शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे त्यांना थांबाकाका म्हणत. कारण साधं होतं. कॅमेरा डोळ्याला लावला की ते समोरच्याला आधी "थांबा" म्हणायचे, आणि मग तो मनातूनही थांबेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचे. "थांबा हं. असंच. मान नका उचलू. मुलं काय करतात? वा. थांबा... झालं." समोर मंत्री असो नाहीतर पंक्चर काढणारा, बडबड तीच. बोलता बोलता माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा, समोर कॅमेरा आहे हे तो विसरायचा, आणि नेमकं तेव्हा काका बटण दाबायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात तो चेहरा असायचा. काकांच्या बडबडीतला एक शब्दही कधी छापून आला नव्हता.

एरवी आवाजाशी त्यांचं देणंघेणंच नसायचं. घरी टीव्ही बघायचे तोही आवाज बंद करून. सामना, बातम्या, सिनेमा, सगळं मुकं. "आमच्या टीव्हीला वाचाच नाही," त्यांची बायको पाहुण्यांना सांगायची. ती एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर लोकांचे आवाज ऐकून आली तरी घरात तिला काहीतरी बोलतं लागायचं. स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून ती मोठ्याने व्हिडिओ लावायची. बाहेरून हे ओरडायचे, "अगं, जरा कमी कर ना."

"तुम्ही कान मिटून घ्या," ती म्हणायची, आणि आवाज होता तसाच राहायचा.

मग पेपर बारीक होत गेला. आधी रविवारचं फोटोंचं पान गेलं. पाठोपाठ आतल्या पानांवरचे फोटो टपालाच्या तिकिटाएवढे झाले. फोटो विभागातल्या एकाने पासपोर्ट फोटोंच्या दुकानात भागीदारी घेतली, एक जण सरळ गाडी चालवायला लागला, आणि उरले एकटे काका. जुन्या डार्करूमची भिंत पाडून तिथे व्हिडिओचा स्टुडिओ झाला. भिंतींना आवाज गिळणारा काळा फोम, मधोमध दिव्यांचे खांब. तिथली प्रमुख होती काकांच्या मुलीच्या वयाची. बोलायला फटकळ, कामाला वाघ. ऑफिसात तिला छोटी बॉस म्हणत, आणि तेही तिच्या तोंडावर.

"काका, नुसता फोटो आणून नाही चालणार आता," तिने सांगितलं. "हलतं हवं. लोक थांबत नाहीत हल्ली."

"माझ्यासमोर थांबतात."

"तुमच्यासमोर थांबतात हो. फोनसमोर नाही थांबत. अंगठा सरकला की गेले."

काकांचा पहिला व्हिडिओ म्हणजे एका पुढाऱ्याचं भाषण. चांगलं चाललं होतं. मध्येच पुढाऱ्याने हात उंचावला, चित्र उभं छान दिसेल असं काकांना वाटलं, आणि हयातभराच्या सवयीने त्यांनी कॅमेरा उभा फिरवला. व्हिडिओत पुढारी सभेसकट आडवा झाला. लोकांनी तेवढाच भाग परत परत पाहिला. छोटी बॉस हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली होती. काकाही हसले, पण घरी गेल्यावर जेवले नाहीत.

तरी ते शिकले. माइक लावायला शिकले, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून हात मागे बांधून उभं राहायला शिकले. एक मात्र बदललं नाही. त्यांच्या लेखी व्हिडिओ म्हणजे हलणारा फोटोच होता. आवाज त्याच्यासोबत येतो, जसा माणसासोबत त्याचा डबा येतो, तसा.

त्या बाईचे हात त्यांना बसथांब्यावर दिसले. दुसरं कुणी असतं तर आधी तिचा चेहरा पाहिला असता. काकांनी हात पाहिले. बोटांची टोकं पांढरी पडलेली, नखांच्या कडा खाल्ल्यासारख्या, मनगटापर्यंत सालं निघालेली. पिशवीचा बंद ती बोटांनी न धरता कोपराच्या आत अडकवून उभी होती. काकांनी विचारलं तशी तिने हात पदराखाली घेतले. नंतर दोन-चार वेळा तिथेच गाठ पडली, आणि एके दिवशी तिनेच विषय काढला.

शहराबाहेर हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणारी मोठी लाँड्री होती. तिथे डाग घालवायच्या हौदात हात घालून कपडे उलटेपालटे करावे लागत, आणि हातमोजे मिळत नसत. डॉक्टरची चिठ्ठी दाखवून ज्या बायकांनी मोजे मागितले, त्यांना दुसऱ्या दिवसापासून आत घेतलं नव्हतं.

"आता नव्या पोरी आल्यात," ती म्हणाली. "कोवळे हात आहेत हो. मला बघवत नाही. पण दादा, मी आहे हे कळता कामा नये. घरात मिळवती मी एकटी. आई अंथरुणाला खिळलीय. उद्या मला काढलं तर आम्ही दोघी कुठे जायचं?"

"चेहरा दिसणार नाही," काका म्हणाले. "फक्त हात दिसतील. शब्द देतो."

इतक्या वर्षांत त्यांनी दिलेला शब्द मोडला नव्हता. चेहरा झाकून माणूस कसा दाखवायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं.

तिची खोली एका चाळवजा इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. मध्ये पडदा, पडद्यामागे आईचा पलंग. काकांनी आधी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवरचं कॅलेंडर उलटं केलं. खिडकीतून समोरची पाण्याची टाकी दिसत होती, तिथे चादर लावली. तिला अंगठी काढायला लावली, बाहीवरची शिवण दुमडायला सांगितली. टेबलावर पांढरा पंचा पसरून त्यावर तिला हात ठेवायला सांगितले, आणि खिडकीच्या कडेने येणारा तिरपा उजेड त्या सालांवर कसा पडतोय ते पाहून त्यांचं मन निवलं.

"थांबा हं. असेच. आता उलटे करा, तळवे वर. दुखतंय का?"

"आता नाही दुखत. रात्री आग होते."

तेवढ्यात पडद्यामागून हाक आली. "मुंगेऽऽ! पाणी दे गं!"

हाक कसली, टेबलावरचा पेला वाजला. काका दचकले आणि हसले. "थांबा मावशी, दोनच मिनिटं."

"आले गं," मुलगी म्हणाली आणि तीही हसली. "घाबरलात ना? आई त्याच लाँड्रीत होती, इस्त्रीच्या रुळांवर. मशीनच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, हिची हाक मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. मी लहान असताना डबा घेऊन जायचे, तेव्हापासून मला तिथे नावाने कुणी हाक मारत नाही. मुंगीच म्हणतात."

"छान आहे," काका म्हणाले. त्यांचं लक्ष उजेडाकडे होतं. ढग येत होता, आणि डाव्या हाताचं चित्र अजून घ्यायचं होतं.

छोट्या बॉसने व्हिडिओ पाठोपाठ दोनदा पाहिला. तिच्या बाबतीत ती मोठीच दाद होती. मुंगीची मुलाखत तिने ऑफिसातल्या दुसऱ्या एका बाईकडून वाचून घेतली, म्हणजे आवाज ओळखू नये. मध्ये मध्ये नुसते हात, आणि मागे खोलीतले बारीक आवाज तसेच ठेवले. पंख्याची घरघर, पाणी, भांड्याचा आवाज. "त्याने खोली जिवंत होते, काका," ती म्हणाली. "पण शब्द तुम्ही दिलाय. तुम्हीच नीट तपासा. तुम्ही हो म्हणालात तरच लावते."

काकांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि डोळ्यांत तेल घालून व्हिडिओ तपासला. एकेक चित्र थांबवून. एका ठिकाणी स्टीलच्या पेल्यात तिच्या हनुवटीचं प्रतिबिंब पुसट दिसत होतं. कुणाच्या बापालाही दिसलं नसतं, काकांना दिसलं. त्यांनी वर जाऊन ते पुसून घेतलं. पुन्हा खाली आले, पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. अंगठी नाही, कॅलेंडर नाही, टाकी नाही, पेला साफ. फोनचा आवाज नेहमीप्रमाणे बंद होता.

"लाव," त्यांनी छोट्या बॉसला सांगितलं, आणि समाधानाने घरी गेले.

संध्याकाळी ते गॅलरीत लेन्स पुसत बसले होते. आत बायको शेंगा सोलत होती, फोन डब्याला टेकवलेला. "अहो, तुमचा लागलाय बरं का व्हिडिओ," ती म्हणाली. काकांनी नुसतं हं केलं. आतून वाचणाऱ्या बाईचा आवाज येत राहिला, सावकाश, नीट शब्द उच्चारत. मग पंखा. मग पाणी.

"मुंगेऽऽ! पाणी दे गं!"

काकांच्या हातातला फडका थांबला. पाठोपाठ त्यांचाच आवाज आला. "थांबा मावशी, दोनच मिनिटं."

"ही मुंगी कोण?" बायकोने आतून विचारलं. "काय खणखणीत आवाज आहे हो त्या म्हातारीचा! एकदा ऐकला तर विसरायचं नाही माणूस."

काका उठले. लेन्स मांडीवरून घरंगळून फरशीवर आपटली, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "परत लाव."

बायकोने मान वर केली. काहीतरी विनोद तिच्या ओठांवर होता, तो त्यांचा चेहरा पाहून तिथेच राहिला. तिने परत लावलं. पुन्हा ती हाक आली. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधूनही भिंतीपलीकडे जाईल अशी.

"तुम्ही तर तपासला होता ना?"

"पाहिला होता," काका म्हणाले. "ऐकला नव्हता."

छोट्या बॉसचा फोन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. काकांनी ऑफिसच्या बोर्डावर लावला, तिथे कुणी उचलेना. "इकडे द्या," म्हणून बायकोने फोन घेतला, संपादकांच्या केबिनचा नंबर फिरवला आणि इस्पितळात आणीबाणीला वापरायच्या आवाजात म्हणाली, "मीटिंग असू दे. बोलवा तिला."

छोटी बॉस आली. काकांनी सांगितलं. 

"मला वाटलं घरातलीच कुठली हाक आहे. काका, पण तुम्ही..."

"मी आवाज बंद ठेवून पाहिला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "उतरवते. आत्ता. तेवढा तुकडा मुका करून परत लावते. पण ज्यांच्या हातात गेला त्यांच्या हातातून कसा काढू? चांगला चाललाय हो काका. लोक पुढे पाठवतायत."

चांगला चाललाय. ते ऐकून वाईट वाटावं, असं काकांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मुंगीला फोन लागणार नव्हता. तिची दुसरी पाळी होती, आणि लाँड्रीत शिरताना फोन गेटवर जमा करावे लागत. काकांनी स्कूटर काढली. वाटेत प्रत्येक सिग्नलला ते आजूबाजूच्या माणसांच्या हातांकडे पाहत राहिले. फोन, फोन, फोन. बसच्या खिडकीत एक मुलगी पडद्याकडे बघत होती, कानात तारा. ती काय ऐकतेय? मागून हॉर्न वाजले तेव्हा कळलं, दिवा हिरवा झालाय.

लाँड्रीचं फाटक बंद होतं. आतून यंत्रांची घरघर आणि ओल्या कापसाचा, तीव्र रसायनाचा वास येत होता. पहारेकरी त्याच्या खोपटात खुर्ची मागे कलती करून बसला होता. काका जवळ गेले, आणि बोलायला तोंड उघडणार एवढ्यात त्याच्या हातातल्या फोनमधून ती हाक आली.

"मुंगेऽऽ!"

पहारेकरी मांडीवर थाप मारून हसला. "आयला! ही तर आमच्या मुंगीची म्हातारी! ऐका ना साहेब, किती वर्षांनी ऐकतोय हा भोंगा. मी नवीन लागलो तेव्हा हिच्या हाकेला चहा सांडायचा माझा." त्याच्या बोलण्यात जराही वाईट भाव नव्हता. जुना माणूस भेटावा तसा त्याचा चेहरा उजळला होता.

"हा कुठून आला तुमच्याकडे?" काकांनी विचारलं.

"ग्रुपवर. आपल्या लाँड्रीचा ग्रुप आहे ना, सगळे आहेत त्याच्यात."

"सुपरवायझरसुद्धा?"

"त्यांनीच तर बनवलाय ग्रुप."

"मुंगीला जरा बाहेर बोलवा. तातडीचं आहे."

"भोंगा झाल्याशिवाय नाही सोडत साहेब. घरी काही झालंय का? म्हातारी बरी आहे ना?"

काका काही बोलणार तेवढ्यात आतला लाउडस्पीकर खरखरला. यंत्रांच्या आवाजावरून कुणाला तरी ऑफिसात बोलावलं. नाव घेतलं ते काकांना ओळखीचं वाटलं नाही. पहारेकऱ्याने खुर्ची सरळ केली. "मुंगीलाच बोलावलंय," तो म्हणाला. "पण असं पूर्ण नाव घेऊन?" आणि मग हातातल्या फोनकडे, तिथून काकांच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या पिशवीकडे त्याची नजर गेली. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू विझला.

फाटकाच्या जाळीतून काकांना अंगण दिसत होतं, अंगणापलीकडे काचेचं ऑफिस. मुंगी ओले हात ॲप्रनला पुसत आत गेली. काचेतून फक्त हालचाल कळत होती. टेबलामागचा माणूस बसलेला, ती उभी. त्याने फोन पुढे केला. ती वाकली, मग सरळ झाली. काकांनी आयुष्यभर दुरून माणसं वाचली होती, खांद्यांवरून, मानेवरून. आज त्यांना काही म्हणजे काही वाचता येईना. आत काय बोलणं चाललंय ते कळण्यासाठी ते जाळीला कान लावून उभे राहिले. नुसती घरघर.

थोड्या वेळाने सुपरवायझर एकटाच अंगण ओलांडून फाटकाशी आला. सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "पेपरवाले तुम्हीच ना? पहारेकऱ्याने फोन केला आत." पहारेकरी जमिनीकडे पाहत होता.

"हो."

"मी भांडायला आलेलो नाही. मलाही वरून फोन येतायत. एवढंच सांगा, व्हिडिओतले हात हिचेच का? तुम्ही नाही म्हणालात तर मी वर तसं कळवतो. विषय संपला."

कुणाचा चेहरा झाकण्यापलीकडे काकांनी आजवर फोटोत काही घातलं नव्हतं, काही काढलं नव्हतं. त्यावरून त्यांची भांडणं झाली होती, एकदा बढती गेली होती. त्यांनी सुपरवायझरच्या डोळ्यांत पाहिलं आणि ते म्हणाले, "नाही. ती बाई वेगळी. हिला मी आजच पाहतोय."

सुपरवायझरने वळून काचेच्या ऑफिसकडे पाहिलं. "कमाल आहे," तो म्हणाला. "ती आत्ताच आत हो म्हणाली."

तो वळून गेला. काकांना वाटलं आपण हसतोय की काय. गालाचा स्नायू उडत होता.

मुंगी बाहेर आली तेव्हा भोंगा व्हायला अजून अवकाश होता. अंगात ॲप्रन नव्हता, कोपराच्या आत पिशवी अडकवलेली. पहारेकऱ्याने तिचा फोन तिच्या हातात दिला, काहीतरी म्हणावंसं वाटून म्हणाला, "मुंगे, जपून जा गं." ती त्याला हो म्हणाली.  दोघं रस्त्याच्या कडेने स्कूटरपर्यंत चालत गेले.

"उद्यापासून येऊ नको म्हणाले," मग ती म्हणाली.

"चूक माझी आहे. मी..."

"चेहरा नाही दिसला बरं का माझा," ती म्हणाली. "शब्द पाळलात तुम्ही. साहेबांच्या फोनवर पाहिले मी, काय सुंदर काढलेत हात."

काकांना ते शब्द चाबकासारखे लागले. स्कूटरची किल्ली काढता काढता त्यांनी विचारलं, "तुम्ही हो का म्हणालात? मी नाही सांगितलं होतं त्यांना."

"त्यांनी हातांचं नाही विचारलं मला. त्यांनी विचारलं, ही तुझी आई ना?" ती थांबली. "तिथे सगळ्या बायका काचेतून बघत होत्या. तिने निम्म्या पोरींना काम शिकवलंय. काय सांगणार होते मी? माझी आई नाही?"

स्कूटरवर मागे बसताना ती म्हणाली, "आता एक करा. वर या माझ्याबरोबर. मी लवकर का आले ते ती विचारणार. तिच्या हाकेमुळे झालं हे तिला कळता कामा नये. ती जेवायची नाही. तुम्ही सांगा काहीतरी. ऑफिसचं काम आहे म्हणा, काहीही म्हणा."

म्हणजे आज दुसऱ्यांदा खोटं बोलायचं होतं. काका हो म्हणाले.

पण म्हातारीला बातमी आधीच पोचली होती. शेजारीण नुकतीच फोन घेऊन येऊन गेली होती. पडदा बाजूला सरकवलेला, म्हातारी उशांना टेकून बसलेली, केस विंचरलेले. "या भाऊ! अहो, माझी हाक आली म्हणे तुमच्या पिक्चरमध्ये! शेजारणीने ऐकली. तिने मला दाखवायला लावलं तर आता त्यात हाकच नाही. पंखा ऐकू येतो, पाणी ऐकू येतं, मी कुठे गेले?"

काकांनी मुंगीकडे पाहिलं. ती भांड्यांकडे तोंड करून उभी होती.

"मी काढली, मावशी," ते म्हणाले. "फार मोठी होती. बाकीचं काही ऐकूच येईना."

म्हातारी खुशीत हसली. "रुळांच्या आवाजात ओरडून ओरडून झालाय तो असा." मग हसता हसता तिची नजर मुलीच्या पाठीवर गेली, पिशवीवर गेली, भिंतीवरच्या घड्याळावर गेली. "तू आज लवकर कशी गं?"

"काम होतं यांचं."

"भोंग्याआधी सोडलं? कुठल्या कामासाठी?"

मुंगी भांडी सरकवत राहिली. म्हातारी त्या लाँड्रीत जन्म घालवून आली होती. भोंग्याआधी माणूस कधी बाहेर येतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तिकडे ऐकली का माझी हाक?" तिने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"आई, तू झोप जरा."

"मी विचारतेय. ऐकली?"

काकांना मुंगीने डोळ्यांनी दाराकडे जायची खूण केली. ते बाहेर आले, दार लोटून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. पिशवीतून कॅमेरा काढावा, काहीतरी पुसत बसावं, असंही वाटलं नाही. समोर नुसती भिंत होती, चुना उडालेली. बघण्यासारखं काही नव्हतं, आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

आधी मुंगीने लाँड्रीत काय झालं ते सगळं सांगितलं. मग म्हातारी म्हणाली, "त्यांना म्हणावं मला काढा. माझं तोंड, माझा आवाज, सगळं. माझे हात बघ ना. ते काय घरात भाजले? मी सांगते हौदाचं. मोजे कधी दिले, कधी बंद केले, कुणी बंद केले."

"काही नको."

"मला कोण काढणार कामावरून? मला या पलंगावरून काढायला चार माणसं लागतात."

"तुला चेष्टा सुचतेय," मुंगीचा आवाज चढला. "उद्या मी दुसऱ्या लाँड्रीत काम मागायला गेले, की तिथेही विचारतील, ही तुझी आई ना? मग?"

"मग हो म्हण. आज म्हणालीस ना?"

"आज म्हणाले आणि काय झालं ते बघतेस ना?"

"बघतेय. तुझ्या हाताला काम नाही आणि माझी हाक कापून टाकलीय. दोन्ही गेलं. आता जपायचं काय राहिलंय, ते तरी सांग मला."

 नळ सुटला, बंद झाला. एक हुंदका, की खोकला, काकांना कळेना. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं. त्यांनी मनात ठरवलं, नको म्हणाली तर एक शब्द न बोलता जायचं. हो म्हणाली तरी आज नाही काढायचं, उद्या यायचं, दोघींना रात्रभर विचार करू द्यायचा. पुन्हा वाटलं, हे ठरवणारे आपण कोण?

मग आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. लाकडाचे पाय फरशीवर घासत थोडे सरकले, थांबले, पुन्हा सरकले. म्हातारी कण्हली आणि म्हणाली, "सावकाश गं, पाय धर आधी."

दार उघडलं. मुंगीचे डोळे लाल होते, पण चेहरा कोरडा होता. तिने काकांकडे पाहिलं, त्यांच्या पिशवीकडे पाहिलं.

"लावायच्या आधी सगळं मला ऐकवायचं," ती म्हणाली. "मी हो म्हणाले तरच."

"हो."

"आणि पलंगावर नको म्हणते ती. खुर्चीत बसवलीय. जरा हात लावा, तिला सरळ बसायचंय."